शेजारणीच्या आईचे शब्द

तू तेव्हा दीड वर्षाची होतीस आणि तुझा भाऊ अजून यायचा होता. साल २००६. तुमचं ते वेस्ट विंडसरचं जुनं घर तुला आठवणार नाही. एका ओळीत सारखी सहा घरं होती, त्यातलं कडेचं तुमचं. तुमचा बाबा सकाळी गाडी स्टेशनवर लावून ट्रेननं न्यूयॉर्कला जायचा, तुमची आई ऑफिसला, आणि मग संध्याकाळपर्यंत घरात तू आणि मी, तुझी आजी. मी फेब्रुवारीत आले होते. व्हिसा सहा महिन्यांचा होता.

आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी स्वयंपाकघर लावलं. डाळींचे डबे एका ओळीत, प्रत्येकावर चिठ्ठी, पिठं वेगळी, मसाले वेगळे. तुमची आई संध्याकाळी घरी आली, चिठ्ठ्या वाचल्या आणि म्हणाली, "आई, आता मला माझ्याच किचनमध्ये लायब्ररी कार्ड लागणार." पण चिठ्ठ्या तिनं काढल्या नाहीत. मी गेल्यावरही त्या बरेच दिवस होत्या असं तिनंच मला फोनवर सांगितलं.

शेजारच्या घरात एक बाई एकट्या राहायच्या. सत्तरीच्या, उंच, पांढरे केस कानांमागे घट्ट बसवलेले. आमची ओळख बर्फानं करून दिली. मी साडीवर तुमच्या बाबाचा कोट चढवून दारापुढचा बर्फ झाडूनं लोटत होते. त्या फावडं घेऊन आल्या, काही न बोलता आमची पायरी मोकळी केली आणि मग म्हणाल्या, "झाडूनं बर्फ लोटणारी बाई मी आजवर पाहिली नव्हती."

"आणि साडीत?" मी विचारलं.

"साडीचं मी मुद्दामच बोलले नाही," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून आमचं जाणं-येणं सुरू झालं. आम्ही अर्थातच इंग्रजीत बोलायचो. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण मी मनातल्या मनात त्यांना कायम तुम्हीच म्हणत आले, म्हणून इथेही तसंच लिहिते.

त्या एस्टोनियाच्या. नकाशात बघा, फिनलंडच्या खाली, समुद्राच्या अलीकडे एक छोटा देश दिसेल. त्याच्या पश्चिमेला बेटं आहेत, त्यातल्या एका बेटावर त्यांचा जन्म झाला. वडील मासेमारी करायचे. महायुद्धाच्या शेवटी बेटावरची पुष्कळ माणसं होड्यांत बसून पळाली, त्यात त्या होत्या. तेव्हा वय सात-आठ. बरोबर आई आणि आत्या. वडील आधीच वारले होते. जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत पहिल्याच हिवाळ्यात आईही गेली. आत्यानं त्यांना अमेरिकेत आणलं, वाढवलं, शिकवलं.

"आत्या चांगली होती," त्या सांगायच्या. "पण आईबद्दल विचारलं की भांडी घासायला उठायची. एवढंच म्हणायची, तुझी आई बेटावरची नव्हती, कुठून तरी मुख्य भूमीवरून आली होती, काय करायचंय तुला?"

आई मुख्य भूमीवर कुठली, हे त्यांना माहीत नव्हतं. छावणीतल्या कागदांवर आत्यानं सोयीसाठी सगळ्यांचंच गाव म्हणून बेट लिहून टाकलं होतं. आईचं माहेरचं आडनाव तेवढं ठाऊक होतं. त्यांच्या शिकागोतल्या मुलानं एस्टोनियातल्या दप्तरखान्याला लिहिलं, तर उत्तर आलं की या आडनावाची माणसं देशभर आहेत, निदान कोणता भाग ते तरी कळवा.

आणि त्या वर्षी ते कळणं निकडीचं झालं होतं. त्यांच्या हृदयाची एक झडप बदलायची होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन ऑक्टोबरात करू, त्याआधी कुठे जायचं असेल तर उन्हाळ्यात जाऊन या, नंतरचं मी सांगत नाही. शिकागोचा मुलगा जुलैत त्यांना दोन आठवडे एस्टोनियाला नेणार होता. बेटावर वडिलांच्या बाजूची चुलत भावंडं वाट बघत होती. बेटावर जायचं ठरलेलंच होतं. पण त्यांना आईच्या गावाकडच्या मातीवर एकदा उभं राहायचं होतं, आणि ती कुठे आहे ते सांगणारं कोणी उरलं नव्हतं. मे संपायच्या आत मुलगा तिकिटं काढणार होता.

"माझ्याकडे आईचं काहीच नाही," एकदा चहा पिताना त्या म्हणाल्या. "फोटोसुद्धा नाही. फक्त मी बोलते ती भाषा आहे."

त्यांच्या या बोलण्यावरूनच पुढचं सगळं घडलं. आमच्या घराजवळच्या विद्यापीठात फिनलंडची एक अभ्यासक आली होती, चाळिशीची, सायकलवरून फिरणारी. फिनिश, एस्टोनियन आणि त्यांच्या लहान-मोठ्या बहिणी, म्हणजे कारेलियन, वेप्स, लिव्होनियन अशा भाषा आणि त्यांच्या बोली यांचे शब्द शेजारी शेजारी ठेवून कोण कोणाच्या किती जवळ आहे ते ती ठरवायची. जुनी बोली बोलणारी माणसं ती शोधत होती. शेजारीणबाईंना कुणीतरी तिचं नाव सांगितलं. त्यांनी तिला बोलावलं आणि मलाही बोलावलं. "तुम्हाला याद्या आवडतात," त्या म्हणाल्या. खरं कारण वेगळं असावं. त्यांना एकटीनं बसायचं नव्हतं.

त्या शनिवारी तू माझ्या मांडीवर होतीस. अभ्यासक बाईनं टेबलावर रेकॉर्डर ठेवला आणि कार्डं पसरली. प्रत्येक कार्डावर एक अर्थ: पाणी, हात, कुत्रा, लाल, पाऊस, काल. खाली त्या त्या भाषेतला शब्द. मी शिस्तीची माणूस, मला ते बघूनच बरं वाटलं. तिनं मला समजावलं की मासा, पाणी, हात यांसारखे शब्द या सगळ्या बहिणींत जवळपास एकच आहेत. ते नातं आहे एवढंच सांगतात, पण कोण कुठला ते सांगत नाहीत. म्हणून ते बाजूला. बटाट्यासारखे शब्द बाहेरून आले, तेही बाजूला. मग उरतात ते शब्द, जे इथे एक आणि तिथे दुसरे. तेच कामाचे.

"लाल घ्या," ती म्हणाली. "आमच्याकडे फिनलंडात पुनाइनेन, उत्तर एस्टोनियात पुनाने. पूर्वेला वेप्स लोक रुस्केद म्हणतात, आणि आम्ही त्याच्यासारखाच शब्द तपकिरीला वापरतो."

मी म्हटलं, "आमच्याकडे एका फळाला पुण्यात पेरू म्हणतात आणि माझ्या माहेरी अमरावतीकडे जांब."

तिनं लगेच विचारलं, "आणि तुम्ही काय म्हणता?"

"पेरू," मी म्हटलं. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती.

दोन तास ती विचारत राहिली आणि शेजारीणबाई ताठ बसून उत्तरं देत राहिल्या, वर्गात उभं केल्यासारख्या. कुत्रा? कोएर. लाल? पुनाने. मी ऐकता ऐकता अर्धे शब्द पाठ केले. तू मांडीवर झोपून गेलीस.

पुढच्या आठवड्यात ती निकाल घेऊन आली. म्हणाली, तुमचे शब्द बेटाच्या बोलीशी जुळतात. अगदी स्वच्छ जुळतात. बाकी कुठलीच छाया नाही.

"आईची?" शेजारीणबाईंनी विचारलं.

"यात दिसत नाही," ती हळूच म्हणाली. चांगली होती ती, उगाच गोड बोलली नाही.

शेजारीणबाईंनी मान हलवली, तिला केक वाढला, दारापर्यंत पोचवलं. मग परत येऊन कप विसळायला लागल्या. विसळलेलाच कप पुन्हा विसळत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "म्हणजे आत्यानं तिला पूर्ण पुसून टाकलं."

मी टॉवेल घेतला आणि कप पुसत उभी राहिले.

एप्रिलात हवा जरा बरी झाली. दुपारी आम्ही तुला बाबागाडीत घालून घरांच्या मागच्या तळ्यावर न्यायचो. तिथे मोठी बदकं यायची, त्यांना तू घाबरायचीस आणि त्यांच्याकडेच धावायचीस. तुझ्याकडे वाळू उपसायचं एक लाल प्लास्टिकचं फावडं होतं. एक दिवस तू ते उंच धरून शेजारीणबाईंना दाखवलंस. त्या खाली वाकल्या, फावड्यावर टिचकी मारली आणि म्हणाल्या, "वेरेव. वेरेव!" तू हसलीस. त्यांनी पुन्हा म्हटलं. सुरात, लहान मुलाशी बोलतात तसं.

मी बाकावर बसले होते. पुनाने कुठे गेलं, असं माझ्या मनात आलं. विचारलं असतं तर कदाचित तिथेच उलगडा झाला असता, पण मला वाटलं, बाळाशी खेळताना माणूस काहीही बोलतं, लाडाचे शब्द असतील.

त्या रविवारी तुमचा बाबा आम्हाला आयसेलिनला, भारतीय दुकानांच्या बाजारात, घेऊन गेला. आठवड्याचा भाजीपाला, तुझ्यासाठी चांदीचे वाळे, आणि एका दुकानात, काय सांगू, पेरू. हिरवेगार, वासाचे. घरी आल्यावर मी एक चिरला, बिया काढल्या, तुला मांडीवर घेतलं आणि भरवायला लागले. "खाय वं पोट्टे, खाय. जांब हाय जांब."

तुमचा बाबा सोफ्यावरून उठून बसला. "आई, काय म्हणालीस?"

"काय म्हणाले?"

"जांब म्हणालीस. मी जन्मात तुझ्या तोंडून हा शब्द ऐकला नाही. आणि पोट्टे काय!"

"तू लहान असताना म्हणत असेन."

"मग मोठा झाल्यावर का नाही?"

मी पेरूची पुढची फोड उचलली. तुमच्या आईनं विचारलं, "तुम्हाला कुणी बोललं होतं का आई?"

तसं कुणी बोललं नव्हतं. माझ्या सासूबाई मायाळू होत्या. पण लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं होतं, "सांबार संपला का?" आमच्या माहेरी कोथिंबिरीला सांबार म्हणतात. धाकटे दीर लगेच म्हणाले, "वहिनी, आधी इडली तर दाखवा!" सगळे हसले, मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून मी कोथिंबीर म्हणायला लागले. पातेल्याला गंज म्हणायची, ते सोडलं. आलूचा बटाटा झाला. कुणी दटावलं नाही, पण ज्या घरात राहायचं त्या घराचे शब्द तोंडात बसले आणि माहेरचे खाली गेले. मुलांना मांडीवर घेतलं की मात्र खालचे वर यायचे, आणि मुलं मोठी झाली की पुन्हा खाली. मला स्वतःलाच हे त्या दिवशी कळलं, हातात पेरूची फोड धरलेली असताना.

आणि तत्क्षणी तळ्यावरचं ते वेरेव आठवलं. अभ्यासक बाईनं टेबलावर बसवून विचारलं तेव्हा शेजारीणबाईंच्या तोंडून आत्यानं उत्तरं दिली होती. आईला कुणी विचारलंच नव्हतं.

मी हे बोलून दाखवलं, तर तुमची आई म्हणाली, "पण आई, सगळ्यांचं सासर तुमच्यासारखं नसतं. तिकडे वेगळं असेल."

"माझं सासर चांगलंच होतं."

"तेच म्हणते मी. चांगल्या सासरीसुद्धा तुमचे शब्द बदलले ना? मग त्या बिचाऱ्या तर आत्याच्या हाताखाली वाढल्या. जा, सांगा त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गेले. म्हटलं, "परवा तळ्यावर तुम्ही फावड्याला काय म्हणालात?"

"लाल म्हणाले असेन. पुनाने."

"नाही. दुसरा शब्द होता. वेरेव."

त्यांचा चेहरा लाल झाला, शाळेत चोरून चिंच खाताना पकडल्यासारखा. "मी असं म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "तसं बोललं की आत्याला राग यायचा. गावंढळ शब्द, म्हणायची. मला ते येतच नाहीत."

"बाळाशी येतात."

त्या खुर्चीवर बसल्या. मग विचारलं, "आणखी काय म्हणते मी?"

पण मला सांगता येईना, कारण मी लक्ष दिलं नव्हतं. आणि आता लक्ष द्यायला लागले तर त्यांची जीभच बांधली गेली. तळ्यावर तू काही दाखवलंस की त्या तोंड उघडायच्या, थांबायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि इंग्रजीत बोलायच्या. "बघा, गेले," त्या म्हणायच्या. "तुम्ही सांगितलंत आणि पळाले." मे लागला. शिकागोहून मुलाचे फोन सुरू झाले. आई, तिकिटं काढू ना? दोन्ही आठवडे बेटावरच ना? त्या म्हणायच्या, चार दिवस थांब.

तुमच्या आईनंच तोड काढली. "तुम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत बसता, मग काय होणार? इंटरव्ह्यू दिल्यासारखं वाटत असेल त्यांना. तुम्ही तुमचं काम करा, त्यांना बाळ द्या." तेव्हापासून मी तिथे असले तरी पाठ करून बसायला लागले. भाजी निवडायची, कपड्यांच्या घड्या घालायच्या, वळून बघायचं नाही. अभ्यासक बाईलाही आम्ही सांगून टाकलं की इतक्यात येऊ नको. एखाददुसरा शब्द सांडायचा, मी तो मनात ठेवायची. पण खरं काम केलं ते तू.

तुमच्या घरापुढच्या उतारावर तू चालत होतीस, आणि समोरच्या घरातला मोठा पिवळा कुत्रा खेळत खेळत धावत आला. काही करणारा नव्हता तो. पण तू मागे सरकलीस, पडलीस आणि ओठ फुटला. मी पायरीवरून उठेपर्यंत शेजारीणबाईंनी तुला उचललंसुद्धा. झडपेचं दुखणं विसरून धावल्या त्या. आणि मग त्यांच्या तोंडून जे सुरू झालं ते थांबेचना. तुला खांद्यावर घेऊन, डोलत, पाठीवर थापटत, एका दमात, एका लयीत. कुत्र्याकडे बोट करून त्या कुत्र्याला रागावत होत्या, तुला कुरवाळत होत्या. मी अजिबात मध्ये पडले नाही. आजी असून मी तुला त्यांच्याकडून घेतलं नाही, हे तुला वाचून विचित्र वाटेल, पण त्या वेळी तू त्यांच्याकडे राहणंच बरोबर होतं. त्या तुला घेऊन त्यांच्या घरात गेल्या, फ्रीजमधल्या सफरचंदाची गार फोड तुझ्या ओठाला लावली, आणि बोलतच होत्या. तुझं रडणं थांबलं. तू ती फोड खाऊन टाकलीस.

मी टेबलावरच्या एका जाहिरातीच्या मागच्या बाजूला लिहायला लागले. देवनागरीत. इंग्रजी स्पेलिंगवर माझा भरवसा नाही, त्यातून ऐकू आलेलं परत मिळत नाही.

शनिवारी अभ्यासक बाई आली. मी जाहिरातीचा कागद उलटून वाचू लागले. पिनि. काए. लात्स. उबिन. वेरेव. ती आधी माझ्या उच्चारांना हसली. मग हसायची थांबली आणि खुर्ची पुढे ओढली. "पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचले. तिनं शेजारीणबाईंना विचारलं, "पिनि म्हणजे?"

"कुत्रा," त्या अगदी हळू म्हणाल्या. "माझी आई म्हणायची. आमच्या दारात एक होता. आई त्याला हाक मारायची, आणि आत्या म्हणायची, कोएर म्हण."

ती कार्डं काढू लागली. तिचं काम करायची पद्धत मला त्या दिवशी नीट कळली. पिनि हा शब्द दोन ठिकाणी सापडतो, ती म्हणाली, दक्षिण एस्टोनियात आणि खाली लाटव्हियाच्या किनाऱ्यावरच्या लिव्होनियन लोकांत. एवढ्यावर ठरवायचं नाही. पण लिव्होनियन लोक लालला उत्तरेसारखाच शब्द वापरतात, वेरेव म्हणत नाहीत. म्हणून तो किनारा गेला. काए म्हणजे बघ, हा दक्षिणेत पुष्कळ ठिकाणी आहे, तो विरोधात जात नाही, पण फार मदतही करत नाही. लात्स म्हणजे मूल, आणि उबिन म्हणजे सफरचंद. हे दोन तिनं शेवटी ठेवले, कारण बाकीच्या तिघांबरोबर ते एकाच भागात सापडतात. मग नकाशा उघडला आणि देशाच्या आग्नेय कोपऱ्यावर तळहात ठेवला. समुद्रापासून सगळ्यात लांबचा कोपरा. "इथे," ती म्हणाली.

"कोणतं गाव?" शेजारीणबाईंनी विचारलं.

"शब्द गाव सांगत नाहीत. भाग सांगतात. आणि हे फक्त पाच शब्द आहेत, मला आणखी हवेत." मग तिनं तळहात तसाच ठेवून म्हटलं, "पण माझी आई असती, तर मी इथे गेले असते."

शेजारीणबाईंनी तिचा हात बाजूला केला आणि त्या जागी आपला ठेवला.

त्यानंतर त्यांची जीभ सुटली. आता त्या मला लाजत नव्हत्या. स्वयंपाक करता करता मध्येच थांबून म्हणायच्या, हा आईचा, लिहा. मी लिहायची. आणि गंमत म्हणजे मीही त्यांच्याबरोबर बसून माझे सांगायची. गंज. भेदरं, म्हणजे टोमॅटो. पोट्टी. त्या ते आपल्या उच्चारात म्हणायच्या आणि तू दोघींच्या तोंडाकडे बघायचीस.

त्यांनी मुलाला फोन केला तेव्हा मी तिथेच होते. तो वैतागला असावा, कारण त्या म्हणाल्या, "माहीत आहे, तिथे आपलं कोणी नाही." मग थोडं ऐकून, "तिथे राहायची सोय तू शोध. मी तुझी आई आहे, हॉटेल एजंट नाही." फोन ठेवून मला म्हणाल्या, "एक आठवडा बेटावर, एक आठवडा तिकडे. तिकडे आधी."

दप्तरखान्याला भाग कळवला. त्यांचं उत्तर आलं की त्या कोपऱ्यात या आडनावाची बरीच घरं होती, युद्धात काही कागद गेले, नक्की सांगता येत नाही. शेजारीणबाईंनी ते पत्र मला वाचून दाखवलं आणि घडी घालून ठेवून दिलं. मला वाटलं आता धीर सोडतील. पण त्यांनी बॅग भरायला घेतली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्या गेल्या. मी तुला कडेवर घेऊन टाटा केला.

माझं परतीचं तिकीट ऑगस्टचं होतं. त्या आल्या तेव्हा मला निघायला थोडेच दिवस राहिले होते. संध्याकाळी त्यांच्या दारापुढच्या पायरीवर दोघी बसलो. तू आत झोपली होतीस, खिडकी उघडी ठेवली होती. त्या उन्हानं रापल्या होत्या आणि थकल्या होत्या.

"सापडलं?" मी विचारलं.

"घर नाही सापडलं. चर्चच्या मागच्या दफनभूमीत त्या आडनावाचे पुष्कळ दगड आहेत. मी सगळ्यांवर फुलं ठेवली."

"सगळ्यांवर?"

"मग कुणाला वगळू?" त्या म्हणाल्या. "मुलगा म्हणाला, आई, यातली निम्मी परकी असतील. मी म्हटलं, असू दे, फुलं स्वस्त होती."

मग त्यांनी बाजाराचं सांगितलं. तिथल्या छोट्या गावात आठवडी बाजार भरतो. एक बाई जंगलातली फळं विकत होती, निळी, बोटं रंगवणारी. शेजारीणबाईंनी भाव विचारला, आईच्या बोलीत. विचार न करता. ती बाई बोलली, या बोलल्या, ती आणखी बोलली. पाऊस, फळं, मधमाश्या, तिच्या नातवंडांचे दात. मुलगा बाजूला उभा राहून बघत होता आणि नंतर म्हणाला, आई, तुझा आवाजच वेगळा झाला होता.

"आणि मग माझे शब्द संपले," त्या म्हणाल्या. "ती विचारत होती, आजारी आहात का, चेहरा उतरलाय. मला सांगायचं होतं, झडप, ऑपरेशन, ऑक्टोबर. माझ्याकडे त्यातला एकही शब्द नाही त्या बोलीत. मला 'भूक लागली' येतं, 'थंडी वाजते' येतं, 'पडले' येतं, 'कुत्रा आला' येतं. मोठ्या माणसाचं काहीच येत नाही. मी म्हटलं, इथे आत दुखतं. छातीवर हात ठेवून. ती बाई हसली. माझ्याहून लहान असेल ती. म्हणाली, तुम्ही आमच्यातल्याच आहात, पण बोलता अशा की जणू सात वर्षांची पोर."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"खरं तेच. म्हटलं, आईनं तेवढंच शिकवलं. मग ती गेली."

मी खिडकीतून आत तुझ्याकडे एक नजर टाकली.

"त्या बाईनं माझ्या पिशवीत आणखी मूठभर फळं टाकली," त्या म्हणाल्या, "आणि सांगितलं, उद्या या, मी छातीच्या दुखण्याला काय म्हणतात ते शिकवते. दुसऱ्या दिवशी बाजार नव्हता. म्हणाली, घरी या."

"गेलात?"

"रोज गेले."

"आणि बेट?"

"बेटावर फोन केला," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगितलं, यंदा जमत नाही, मी आईकडे आहे."